भरतीबरोबर उत्तरेला

महाराष्ट्राचा किनारा अलीकडे सव्वादोनशे किलोमीटरने वाढला. समुद्र होता तिथेच आहे आणि कुणी कुठे भरावही घातलेला नाही. जुन्या सरकारी आकड्यात हा किनारा 652.6 किलोमीटर होता, नव्या मोजणीत तो 877.97 निघाला. देशाचा सगळा किनारा धरला तर आकडा साडेसात हजारांवरून अकरा हजारांच्या पुढे गेला. कारण एवढंच, की जुनी मोजणी फार लहान प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती आणि नवी बारीक तपशिलाच्या नकाशावरून. नकाशा मोठा केला की सरळ वाटणारी रेघ वळणं घ्यायला लागते. त्या वळणांच्या पोटात आणखी वळणं निघतात आणि लांबी वाढतच जाते. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाला हे आधी दिसलं होतं. स्पेन आणि पोर्तुगाल एकाच सरहद्दीची लांबी वेगवेगळी सांगत होते, एक 987 किलोमीटर, दुसरा 1,214. पुढे 1967 साली बेन्वा मांडेलब्रोट यांनी ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब, असा प्रश्न विचारून यावर निबंध लिहिला. उत्तर असं, की तुमची मोजपट्टी जितकी लहान तितका किनारा लांब.

घरबसल्या वाचायला ही गंमत छान आहे. पण रेडी ते रेवस हा कोकणचा किनारा मोटरहोमने करायचा ठरवलात, तर तीच गंमत थेट डिझेलच्या टाकीत उतरते. सागरी महामार्ग म्हणून जो रस्ता दाखवला जातो तो पाचशे किलोमीटरच्या आसपास. महामार्ग म्हटल्यावर मन लगेच दोन दिवसांचा हिशोब करतं. तो हिशोब तिथेच सोडून द्यावा. हा रस्ता गावांच्या आळीतून जातो, जांभ्याच्या गडग्यांना चाटून जातो, एक सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढतो, दुसऱ्या खाडीला उतरतो आणि मधूनच चक्क संपतो. समोर पाणी असतं, जेट्टी असते आणि पलीकडे दुसरा तालुका दिसत असतो.

हा रस्ता तुटतो तो का, हे कळलं की सगळ्या प्रवासाची किल्ली हाती येते. सावित्री नदीचं उदाहरण घ्या. ती महाबळेश्वरला उगम पावते, कृष्णेच्या शेजारीच. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कडा उतरते आणि जेमतेम शंभरेक किलोमीटरात समुद्राला भेटते. आखूड आणि उतावळ्या अशा या कोकणी नद्यांनी आपापल्या दऱ्या खोल कोरल्या. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि किनारा कितीतरी पश्चिमेला होता. बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि दऱ्यांची तोंडं बुडाली. बाणकोटची खाडी म्हणजे सावित्रीची बुडालेली दरी, दाभोळची वाशिष्ठीची, जयगडची शास्त्रीची. आपण जिला खाडी म्हणतो त्या पाण्याखाली एकेकाळी नदीकाठ होता. तिथे रस्ता तुटलेला नाही. मुळात तिथली जमीनच बुडाली आहे.

म्हणून या वाटेवर गाडी चार ठिकाणी बोटीवर चढते. दक्षिणेकडून येताना जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेसवी ते बागमांडला आणि दिघी ते आगरदांडा. गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी दाभोळला 2003 साली सुरू झाल्या आणि मग इतर खाड्यांवर पसरल्या. धोपाव्याहून दाभोळ समोर दिसतं, बोट काही मिनिटांत पोचवते. तेच रस्त्याने जायचं तर गुहागर, चिपळूण, खेड, दापोली असा शंभराहून जास्त किलोमीटरांचा वळसा.

लहान गाडीला बोटीवर चढणं सोपं असतं. मोटरहोमचा प्रश्न शेपटीचा आहे. आपल्याकडची बहुतेक मोटरहोम टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. मागच्या चाकांच्या मागे निघालेला भाग बराच लांब, आणि त्याच्या पोटाला पाण्याच्या टाक्या, नळ्या नि पायरी लटकलेली. जेट्टीचा उतार काँक्रीटचा आणि पक्का असतो, पण बोट पाण्याबरोबर वरखाली होते. भरतीला बोटीची फळी जवळपास सपाट टेकते. पूर्ण ओहोटीला बोट उताराच्या तळाशी जाते, फळी आणि उतार यांच्यात खोलगट कोन तयार होतो आणि पुढची चाकं वर चढताना गाडीची शेपटी खाली घासते. बोटीवरची माणसं अनुभवी असतात, ती लांबूनच गाडी पाहून सांगतात, “थांबा जरा, पाणी चढू दे.” त्यांचं ऐकावं. पण पाणी कधी चढणार हे घरून निघतानाच माहीत असेल तर थांबावंही लागत नाही.

हे कळण्यासाठी मोबाईल लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. किनाऱ्यावरचं जुनं गणित असं आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि तितक्याच वेळाने पुन्हा भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच.

हे जुळतं कसं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तेवढ्यात चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला सरासरी 50 मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. आता तिथी हे माप घड्याळातून आलेलं नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. म्हणजे भरती ज्या गोष्टीवर चालते तीच गोष्ट तिथी मोजते. अशा तीस तिथ्यांत भरतीची वेळ पूर्ण 24 तास फिरून येते, तेव्हा एका तिथीमागे 48 मिनिटं झाली. पाऊणच्या हिशोबात 45 धरली आहेत. तोंडी गुणाकार सोपा व्हावा म्हणून तीन मिनिटांवर पाणी सोडलंय. ही चूक साठत साठत पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची होते. पण पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदा येते, मोजणी एकपासून सुरू होते आणि साठलेली चूक आपोआप पुसली जाते. कागदपेन्सिल न घेता होड्या हाकणाऱ्यांनी स्वतःची चूक पंधरवड्याला दुरुस्त करणारं सूत्र वापरात ठेवलं, याचं मला तरी भरतीपेक्षा जास्त नवल वाटतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका ओळीत ओढतात, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी ना फार चढत ना फार उतरत. आणि उधाण तिथीला बांधलेलं असल्यामुळे कोकणात ते नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्रीच येतं. सकाळी सहाला किंवा संध्याकाळी सहाला उधाणाची भरती इथे येऊच शकत नाही. त्या वेळी तिथे उधाणाची ओहोटी असते. म्हणून पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य बुडताना पुळण सगळ्यात रुंद असते आणि पाठीमागून चंद्र वर येत असतो. हा योग दर महिन्याला येतो.

आता दिशेचा प्रश्न. बहुतेक जण मुंबईहून निघून दक्षिणेला जातात. माझं मत उलट आहे: गाडी सरळ महामार्गाने रेडीला न्यावी आणि किनारा खालून वर करावा. आपण डावीकडून गाडी चालवतो. उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच मार्गिकेच्या बाजूला राहतो. मोटरहोमचं दारही डावीकडे असतं. गाडी थांबवली, दार उघडलं की समोर पाणी. दक्षिणेला जाताना दार डोंगराकडे उघडतं आणि समुद्र बघायला समोरून येणारी एसटी चुकवून पलीकडे जावं लागतं. (खोल दरीची भीती वाटणाऱ्यांना हा सल्ला पटणार नाही. त्यांनी चालकाच्या मागची खिडकी धरावी.)

दुसरं कारण अधिक मोठं आहे. भरतीची लाटसुद्धा या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला जाते. मालवणात पाणी आधी चढतं, मुंबईत साधारण तासाभराने. शिवाय वर जावं तसं ते जास्त चढतं. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटर, मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटर आणि खंबातच्या आखातात दहाच्या आसपास. किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्रतळ गोव्याकडे शंभरेक किलोमीटर रुंद आहे, मुंबईसमोर तीनशेच्या घरात. उथळ तळावर लाट मंदावते आणि मंदावलेलं पाणी उंच होत जातं. रेडीहून निघालेला माणूस भरतीबरोबरच प्रवास करतो आणि मुक्कामागणिक ती त्याच्या डोळ्यांसमोर वाढत जाते.

तर तिथी लावून बघू. महिना माघ घ्या. थंडीचा कडाका नाही, उन्हाचा तडाखा सुरू व्हायचाय, आणि वेळासला कासवांची पिल्लं बाहेर पडायला लागलेली असतात. फाल्गुन पौर्णिमाही मोहात पाडते, पण तेव्हा शिमगा असतो. घरोघर पालख्या फिरत असतात. वाडीच्या अरुंद रस्त्यावर पालखी समोर आली की मोटरहोमला ना मागे जाता येतं ना पुढे. तेव्हा शिमग्याला एसटीने जावं आणि पालखी नाचवावी.

शुक्ल नवमीच्या सुमारास रेडी सोडायची. वेंगुर्ला, तारकर्ली, मालवण, कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग. या टप्प्यात पूल आहेत, बोटीची चिंता नाही, तेव्हा गाडीची सवय करून घ्यावी. गाडीची उंची मीटरमध्ये लिहून डॅशबोर्डला चिकटवून ठेवा. कोकणात ट्रकपेक्षा फणसाची फांदी आणि खाली लोंबणारी वीजतार जास्त धोक्याची. रात्री माडाखाली गाडी लावू नका, छतावर बसवलेल्या सौरपट्टीला नारळाचं वजन सोसत नाही.

विजयदुर्गाच्या पुढे रस्ता सड्यांवर चढतो. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीला थांबा. तिथल्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. कुणी कोरला, कशासाठी, याचा कुठे शिलालेख नाही. उक्षी, बारसू, देवाचं गोठणं इथल्या कातळशिल्पांबरोबर तो 2022 साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला.

ज्या कातळावर तो हत्ती आहे त्याच कातळावर तुमच्या पाण्याचा हिशोबही उभा आहे. मोटरहोममध्ये साधारण शंभर लिटरची टाकी असते, दोघांना काटकसरीने दोन दिवस पुरेल एवढी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग पाण्याला काय तोटा, असं वाटेल. पण जांभा घावनासारखा भोकाभोकांचा. पडलेलं पाणी तो आत घेतो आणि हळूहळू उतारावरून समुद्राला देऊन टाकतो. एप्रिल-मे मध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो. म्हणून उन्हाळ्यात कुणाच्या विहिरीवर पाइप लावून टाकी भरू नये, पैसे देऊ केले तरी. आणि भांड्यांचं साबणपाणी जमिनीवर सोडू नये, कारण त्याच भोकांतून ते खालच्या विहिरीत जातं. शौचालयाची टाकी शोषखड्डा असलेल्या संडासातच रिकामी करायची, घरमालकाला विचारून.

मुक्कामाचं म्हणाल तर महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण या वाटेवर खास मोटरहोमसाठी केलेली जागा हाताशी असेलच असं धरून चालू नका. पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आणि घरगुती खानावळी हाच खरा आधार. आधी फोन करावा. “काका, रात्रीपुरती गाडी खळ्यात लावली तर चालेल का? जेवण तुमच्याकडेच घेऊ,” असं विचारलं की सहसा नाही येत नाही, आणि वीजजोडणीही मिळते. तीही हवीच, कारण गाडीतल्या विजेवर वातानुकूलन चालवायचा हट्ट फसवा असतो. बारा व्होल्ट, दोनशे अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे 2,400 वॅट-तास. छतावरचं यंत्र तासाला हजाराच्या आसपास खातं, अडीच तासांत खेळ खलास. तीच बॅटरी लहान पंखा आठवडाभर रात्रभर फिरवेल.

पंख्यावर भागवता येतं ते वाऱ्यांच्या जोरावर. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते, मग उलटा, पूर्वेकडून मतलई वारा सुटतो. पहाटे होड्या समुद्रात जात असत त्या याच वाऱ्याच्या पाठबळावर. गाडी तोंड उत्तरेला करून लावली, तर दोन्ही बाजूंच्या खिडक्या पूर्व-पश्चिम येतात आणि दोन्ही वारे आरपार जातात. दारही समुद्राकडेच राहतं.

चतुर्दशीला गणपतीपुळे. पौर्णिमेला सकाळी नऊच्या सुमारास जयगडची जेट्टी गाठा. पाणी तेव्हा चढतं असतं, शेपटी घासत नाही. तवसाळला उतरून हेदवी जवळच आहे. तिथे काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे, बामणघळ. ओहोटीला ती नुसती भेग दिसते. भरतीला समुद्र तिच्यात शिरतो, चिंचोळ्या जागेत कोंडतो आणि उंच फवाऱ्याने आभाळाकडे उसळतो. उधाणाची भरती अकरा ते बाराच्या दरम्यान, म्हणजे तुम्ही पोचता त्याच वेळी. लांब उभं राहूनच बघा, तिथले खडक निसरडे आहेत आणि पुढची लाट मागच्या लाटेएवढीच असेल असा नियम नाही.

रात्री गुहागर. प्रतिपदेला ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास, म्हणून धोपाव्याला दहा-अकराच्या आधी जायची घाई नको. मग दाभोळ, हर्णै, आंजर्ले, केळशी आणि द्वितीयेला वेळास. ऑलिव्ह रिडले कासवं इथे थंडीत अंडी घालतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखली. पिल्लू वाळूतून वर आलं की सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतं. किनाऱ्यावर अंधार असेल तर ते क्षितिज समुद्राचं असतं. किनाऱ्यालगत उभ्या मोटरहोमचा एक बाहेरचा दिवा त्याला उलट्या दिशेला नेऊ शकतो. वेळासमध्ये गाडी गावात लावायची, बाहेरचे दिवे बंद ठेवायचे आणि मोबाईलचा झोतही मारायचा नाही.

मग वेसवीहून बागमांडला आणि तृतीयेला हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या अंगाने जाते आणि ओहोटीलाच करता येते. तृतीयेची पहिली ओहोटी सकाळी आठच्या आसपास, म्हणून आदल्या दिवशीच खाडी ओलांडून मुक्कामाला आलेलं बरं. मग श्रीवर्धन, शेखाडीचा पाण्याला खेटून जाणारा रस्ता, दिवेआगर, दिघी, मुरूड. पंचमीला अलिबाग. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पंचमीला ओहोटी साडेनऊच्या सुमारास येते आणि पौर्णिमेपासून फार दिवस झालेले नसल्याने पाणीही पुरेसं मागे हटतं. अष्टमीला गेलात तर भांगाचं पाणी धड हटत नाही आणि घोटे भिजवून परत यावं लागतं. तरी निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा कोळ्याला विचारा, आणि पाणी फिरण्याच्या आत परत या. मोटरहोम मात्र कुठल्याही पुळणीवर उतरवू नका, पुळण कितीही कडक दिसली तरी. साडेतीन टनांची गाडी ओल्या वाळूत रुतली की पुढच्या भरतीपर्यंत सहाच तास हातात असतात.

शेवटी मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट आहे, 2020 साली सुरू झालेली. तिकीट काढताना गाडीची लांबी-उंची सांगून आधीच खात्री करून घ्यावी. घरी पोचल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायला विसरू नये, मिठाला लोखंड फार आवडतं.

रेवस-रेडी मार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम सरकारने हाती घेतलं आहे. ते झाले की रुग्णवाहिका वेळेत पोचेल, आंब्याच्या पेट्या लवकर निघतील, आणि व्हायलाच हवेत. मग तिथी न बघताही हा रस्ता करता येईल. त्याआधी एका माघ पौर्णिमेला बोटीने जाऊन या.